गळवाल्याच्या हातात दोर

आठवीत शाळा सुटली आणि काही वर्षांनी मी आलापल्लीच्या पलीकडे, नदीवरच्या पुलाच्या कामावर येऊन पडलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीकडचा म्हणताच मुकादमाने मला थेट पाणबुड्या उस्तादांपुढे उभं केलं. आमचं गाव घाटाच्या पायथ्याला, समुद्र मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेला, हे मी सांगितलंही. मुकादम म्हणाला, "अरे, पाणी ते पाणी!"

पुलाच्या खांबाखालची विहीर, म्हणजे पायाचं काँक्रीटचं पोकळ नळकांडं, नदीच्या तळात उतरवत होते. तिच्या काठाखाली जुना सागाचा ओंडका अडकला होता. तो खाली जाऊन कापायचा, आणि त्याला दोन पाणबुडे लागणार. एक उस्ताद. दुसरा मी, तयार झालो तर. नाहीतर परतीची एसटी आणि काकांकडे सुपारी सोलणं.

उस्ताद बंदरातून निवृत्त होऊन आलेले. पाण्याच्या खोलीचा त्यांचा हिशेब जेवणासारखा. "एक पुरुष पाणी पचलं, की मग दुसरं. घाई करशील तर उलटी होईल."

आधी कमरेइतक्या पाण्यात, पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून गुडघ्यांवर बसायचं. मी इतक्या भराभर श्वास घ्यायचो, की उस्ताद म्हणायचे, "हवा आहे ती, लग्नातला मठ्ठा नाही!" तरी त्यांनी हाकललं नाही. त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो.

मग डोह. कमरेला दोर, काठावर दोर धरणारा. खुणा सोप्या होत्या. वरून एक झटका म्हणजे 'बरा आहेस का?' खालून एक झटका म्हणजे 'बरा आहे'. लागोपाठ झटके म्हणजे 'ओढा'. दोर धरायला गावातले मासे धरणारे एक भाऊ ठेवले होते. हात लोखंडासारखे, मन लोण्यासारखं.

मी तळाशी टेकलो. वरून झटका आला. मी उलटा दिला. पुढच्या क्षणी मी आकाशात!

उस्ताद ओरडले, "का ओढलंत?"

"अजी, धागा हालला न! हालला का ओढाचं, नाई तं सुटते ना बाप्पा!"

जन्मभर गळ टाकलेला माणूस. डोक्याला खूण समजायची, हाताला नाही. रोज तेच. मी घाबरून किंचाळत वर यायचो. उस्ताद म्हणायचे, "किंचाळतोस ते उत्तम. वर येताना श्वास कोंडलास तर फुप्फुस फाटेल. तुझी भीतीच तुझा गुरू." पण खोल न्यायला ते तयार होईनात. इकडे पावसाळा जवळ येत होता, आणि मुकादम माझ्याकडे परतीच्या तिकिटाकडे बघावं तसा बघत होता.

शेवटी उस्तादांनी आमची अदलाबदल केली. काठाजवळ, छातीभर पाण्यात, टाकी भाऊंच्या पाठीवर आणि दोर माझ्या हातात. भाऊ बुडाले. बुडबुडे आले, मग लांब सरकले. मी झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. भाऊंना काही झालं तर? मी सगळा जीव लावून ओढलं.

भाऊ लाल होऊन वर आले. "काऊन ओढलं बे? मरळ मासोळी नाकासमोर होती! हात लावाच्या बेतात होतो!"

उस्ताद हसून वाळूत बसले. मी मात्र हसलो नाही. वर उभ्या माणसाचं काळीज कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. खालच्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी डबा घेऊन येणाऱ्या बायकोला काठावरच बसवून घेतलं. मी डोहाच्या सर्वांत खोल जागी उतरलो. कान दुखले, थांबलो, नाक दाबून कान मोकळे केले, मग तळ. वरून झटका आला. मी मन घट्ट करून उत्तर दिलं. दोर थरथरला, पण वर खेचला गेला नाही. पुन्हा विचारणा, पुन्हा उत्तर. उस्तादांनी ठरवलेला वेळ भरेपर्यंत मी गाळात बसून होतो. पहिल्यांदाच श्वास सावकाश चालला होता.

हळूहळू वर आलो, तर बाईंनी नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलेलं.

"हे तं ओढूनच राह्यले होते," त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, पोट्ट्याले बसू द्या खाली. मासा नोहे तो."

उस्तादांनी माझ्या पाठीवरची टाकी उतरवली आणि मुकादमाला हाक मारली. "उद्यापासून हा माझ्याबरोबर विहिरीत. आणि दोरावर या बाईंची हजेरी लावा."

"आन मी?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही दोर धरायचा. बाई तुम्हाला धरतील."