मुद्दाम पाडलं ना?

अय्याज मुलाणी माझा दोस्त आहे आणि गेलं वर्षभर तो माझ्या डोक्यात जातोय.

काळेवाडीत त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. मी शेजारच्या रहाटणीत राहतो. आमच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, पोरं आपापल्या फ्लॅटमध्ये गेली, मला दुसरा उद्योग काय? दर रविवारी सकाळी गॅरेजसमोरच्या बाकड्यावर जाऊन बसायचं, त्याने हात काळे करायचे आणि मी तोंड चालवायचं, असं आमचं ठरलेलं.

कधीकाळी आम्ही दोघं एका पगारी फुटबॉल क्लबात होतो. पगारी म्हणजे करार, महिन्याच्या महिन्याला पैसे, छातीवर जाहिरात. मी गोलकीपर, तो माझ्यापुढचा बचावपटू. पंधराएक वर्षांपूर्वी एक सामना असा आला, की जिंकलो तर वरच्या लीगमध्ये, नाहीतर क्लबला टाळं. आम्ही एका गोलने पुढे होतो, शेवटची काही मिनिटं उरलेली. बॉल अडवायला मी बॉक्सच्या बाहेर धावलो आणि सपशेल फसलो. समोरच्या टीमचा रोहिदास, तळेगाव दाभाड्याचं पोरगं, मला चकवून पुढे निघालं. मागे सताड उघडा गोल. कडेवरून कोच बोंबलला, "पाड त्याला!" अय्याजने मागून पाय घातला.

पोरगं पडलं ते उठलंच नाही. अय्याजला लाल कार्ड मिळालं. फ्री किक आमच्या एकाच्या छातीवर आदळली आणि सामना आम्ही जिंकलो. बाहेर काढलेल्या माणसाला आम्ही खांद्यावर घेऊन नाचलो, बोला! मालकांनी पेढे वाटले. जो तो त्याची पाठ थोपटत होता, काय हुशारीने फाऊल केलास म्हणून. रोहिदासचा गुडघा गेला आणि पुढच्या मोसमात त्याच्या क्लबने त्याला नारळ दिला.

मी आजही म्हणतो, खेळाचा भाग आहे. गुन्हा नियमात लिहिलाय, शिक्षा नियमात लिहिलीये, त्याने ती भोगली, विषय संपला.

त्या संध्याकाळी फक्त निलोफरभाभीने पेढा घेतला नाही. अय्याजची बायको ती, फुटबॉलमधलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. तिने नवऱ्याला विचारलं, "मुद्दाम पाडलं ना?" तो म्हणाला, "हो." "मग चुकलं तुमचं," असं म्हणून तिने ताट वाढलं. पुढेही कधी गॅरेजवर तो सामना निघाला आणि अय्याज फुशारक्या मारायला लागला, की डबा घेऊन आलेली ती आतून म्हणायची, "चुकलं होतं तुमचं." मग हा पाना उचलून कामाला लागायचा, आणि मी हसायचो.

दोन वर्षांपूर्वी भाभी गेली. मुलगी शाहीन लग्न करून सोलापूरला. अय्याज गॅरेजमध्येच जेवायला लागला, एकच डबा दोन वेळा. मी म्हटलं, अरे घरी जा, टीव्ही लाव, काहीतरी आवाज तरी होईल. तर म्हणाला, "कोणासाठी लावू?"

मागच्या हिवाळ्यात गॅरेजवर एक गाडी आली, सेल्फ चालत नव्हता. गाडीवाला खाली उतरला, उजवीकडे उभा राहिला आणि किक डाव्या पायाने मारायला लागला. उजवा गुडघा वाकतच नव्हता त्याचा. अय्याजच्या हातातला पाना तसाच राहिला. तो रोहिदास होता. चाकणला एका कंपनीत स्टोअरला आहे, कंत्राटावर. त्यानेही ओळखलं आणि वर हसला. "खेळाचा भाग, अय्याजभाई. तुमच्या जागी मी असतो तरी पाडलं असतं." नवीन बॅटरी बसवून घेतली, पैसे दिले, गेला.

माझ्या मते किती छान झालं! पण आमचे साहेब त्या दिवसापासून जास्तच बिघडले.

"सगळे म्हणतात बरोबर केलंस," तो मला म्हणाला. "ज्याचा पाय गेला तोही तेच म्हणतो. चुकलं म्हणणारी एकटी निलोफर होती. आता ती नाही, तर हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय, राव. बॉलकडे मी बघतही नव्हतो. मी त्याचा पाय बघत होतो. कोणीतरी तोंडावर म्हणायला पाहिजे मला."

"मी म्हणतो. चुकलं तुझं. झालं? आता चहा सांग."

"तुला तसं वाटत नाही," तो म्हणाला. खरंच वाटत नव्हतं.

मग एका रविवारी त्याने मला गाडीवर मागे बसवलं आणि थेट तळेगावला नेलं. गावठाणातलं घर, दारात रोहिदासची आई विमलबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. लेक पहिल्या शिफ्टला गेलाय, येईलच, म्हणाली. आम्हाला पाणी दिलं. मी खुणावत होतो, तो येईपर्यंत थांब. पण याला कुठला धीर? "मावशी," म्हणाला, "मॅचमध्ये रोहिदासला पाडलं होतं ना, तो मी."

"पाडलं?" विमलबाईने शेंग खाली ठेवली. "त्यो तर घसरून पडला व्हता. चिखल व्हता म्हन्ला."

चिखल कसला, मार्चमधला सामना तो! मी तिथल्या तिथे चपला शोधायला लागलो.

"मी मागून पाय घातला," अय्याज म्हणाला.

"चुकून लागला आसंल."

"नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. "मुद्दाम पाडलंस व्हय रं?"

"हो, मावशी."

तेवढ्यात रोहिदास आला. गाडी लावून पाय ओढत दारात पोचला आणि आम्हाला बघूनच त्याचा चेहरा उतरला. आई त्याच्यावर ओरडली नाही. अगदी हळू बोलली. "इतकी वर्सं मी तुलाच बोलत आले रं. तुजं ध्यान नसतंय, धड पळता येत न्हाई, सोन्यासारखा पाय घालवलास. सोयरीक मोडली तवाबी तुलाच बोलले. तू आईकून का घेतलंस?"

रोहिदास अय्याजकडे वळला. "मैदानातलं घरी सांगायचं नसतं, भाई. कोणी मुद्दाम मोडलं कळलं असतं तर हिने अन्न सोडलं असतं, म्हणून घसरलो सांगितलं. माझ्यावर चिडली की मोकळी व्हायची, झोपायची तरी. तुम्ही तेव्हा पाडलंत ते क्लबसाठी, मी समजू शकतो. आज कोणासाठी पाडलंत?"

मी अय्याजचा दंड धरून त्याला उठवलं. आम्ही उंबरा ओलांडतोय तोवर मागून हाक आली.

"ए, थांब!" विमलबाई उठून उभी राहिली होती, पदरातल्या शेंगा खाली सांडलेल्या. "चाललास कुटं? माज्या पोराला बोलले त्ये समदं तुज्या वाटचं व्हतं. त्ये काय यका दिसात व्हतंय? फुडच्या ऐतवारी ये. आन् त्याच्या फुडच्याबी. समदं आईकायचं, उलटून बोलायचं न्हाई."

परत आल्यावर त्याने मला घरापाशी उतरवलं आणि चहालाही न थांबता गेला. मला वाटलं, संपलं, आता हा कायमचा मिटून बसणार.

पुढच्या रविवारी मी गेलो तर गॅरेजला कुलूप. त्याच्या पुढच्याही. तो तळेगावला जातो. बाई चुलीपाशी बसून त्याला मनसोक्त बोलते, हा मान खाली घालून ऐकतो. रोहिदास अजून त्याच्याशी बोलत नाही. हा आला की तो गाडी काढून निघून जातो आणि संध्याकाळी हा गेल्यावरच परततो. तेही बरोबरच आहे त्याचं.

परवा मला राहवलं नाही, बाकड्यावरूनच फोन लावला. पलीकडे विमलबाईचा आवाज खणखणत होता, ताटाचा आवाज होता.

"नंतर करतो, राव," अय्याज म्हणाला. "मावशी बोलतायत."

भाभी होती तेव्हाचा आवाज होता त्याचा. मी फोन खिशात टाकला आणि बंद शटरसमोर एकट्यापुरता चहा सांगितला.