भुताळीच्या बोटाचं रक्त

रक्त पिणाऱ्या भुतांवरचं एक जाडजूड पुस्तक माझ्या भाच्याने मला आणून दिलं. "मामा, तुमच्या जव्हार-मोखाड्याकडे असलं काही होतं का हो?" असं त्याने हसत विचारलं. मी ते दोन दिवसांत वाचून संपवलं आणि मला किळस आली. भुतांची नाही, माणसांची.

युरोपातल्या खेड्यांत साथ आली की आधी मेलेल्याची कबर उकरत. प्रेत फुगलेलं दिसलं की यानेच रक्त प्यायलं म्हणून त्याच्या छातीत खुंट ठोकत. अमेरिकेत क्षयाने एकामागून एक भावंडं जाऊ लागली, तर पहिल्या भावंडाचं काळीज काढून जाळत आणि ती राख पाण्यातून उरलेल्या आजाऱ्याला पाजत. मलायात म्हणे बाळंतपणात मेलेली बाई दुसऱ्या बाळंतिणीचं रक्त प्यायला येते. फिलिपिन्समध्ये तसलीच एक भुतीण छपरातून लांब जीभ खाली सोडते. कुठे दाराला लसूण बांधायचा, कुठे उंबऱ्यावर खसखस सांडायची, म्हणजे भूत दाणे मोजत बसतं आणि तेवढ्यात उजाडतं. एवढ्या देशांनी एवढी अक्कल खर्च केली, पण आजारी माणसाच्या अंथरुणाशी बसून त्याला नेमकं काय होतंय ते बघावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. लिहिणाऱ्याने हे सगळं चवीने लिहिलंय, जसा एखादा मिठायांची नावं सांगतो.

भाच्याला मी म्हणालो, "होतं."

नव्वदच्या दशकात मी मोखाडा तालुक्यात आरोग्यसेवक होतो. पंचविशीतला, परीक्षा पास झालेला, नेमणुकीवर चिडलेला. खोडाळ्याला खोली होती आणि आसपासचे पाडे माझ्याकडे होते. पाड्यापाड्यावर चालत जायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचे दोन थेंब काचपट्टीवर पसरायचे, काचेवर शिसपेन्सिलीने क्रमांक घालायचा, वहीत नाव लिहायचं आणि मलेरियाच्या गोळ्या द्यायच्या. लोक मला मलेरियावालाच म्हणत. महिन्याला किती काचा व्हायला पाहिजेत ते ठरलेलं होतं. कमी भरल्या तर आमचे पर्यवेक्षक सगळ्यांसमोर विचारत, "काय रे, तुझ्या भागात डास उपास करतात का?"

लोक बोट पुढे करत नसत. सरकार पोरांचं रक्त काढून मुंबईला विकतं, अशी बोलवा होती. मला पाहिलं की बाया पोरं घेऊन नाचणीच्या शेतात शिरत. मी त्यांना मनातल्या मनात जनावरं म्हणत असे. कधी कधी मनातल्या मनातही नाही.

एका पाड्यावर सगळ्यात शेवटच्या घरात एक विधवा म्हातारी राहायची. मूलबाळ नव्हतं, तीन कोंबड्या होत्या. मी दमून तिच्या अंगणात पाणी प्यायला बसलो, तेव्हा माझी रिकामी पेटी बघून ती म्हणाली, "आज शिकार नाय गावली वाटतं."

"कोणी बोट देत नाही, आजी."

"माझं घे. रगत निघलं तं निघलं, नाय तं या चामड्यावर सुई तरी घासून निघंल."

मी तिचं बोट टोचलं. रक्त छान आलं. एक काच झाली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. एका बोटातून मी त्या दिवशी सहा काचा भरल्या आणि वहीत पाड्यावरच्या सहा जणांची नावं लिहिली. ही युक्ती माझी नव्हती. जुने सहकारी ती सर्रास करत, आणि एका बोटावर जो जास्त काचा काढेल तो हुशार समजला जाई.

"येवढ्या काचा कशाला रं?" तिने विचारलं.

मी तिला खरं सांगितलं. ती तोंडावर पदर धरून हसली. त्यानंतर दर फेरीला हा आमचा खेळच झाला. मी लिहायला लागलो की ती विचारायची, "आज मी कोन?"

"पोलीस पाटील."

"अगं बाय! मंग जरा जास्त घे, तो लय खातो." दुसऱ्या काचेला म्हणायची, "आनि ही?"

"त्यांची बायको."

"माझ्याच रगतात दोघं नांदतात बघ, भांडान नाय तंटा नाय."

मला ती आवडायची, असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही ठाऊक नाही. तिचं बोट मला सोयीचं होतं, एवढं नक्की.

तिच्या शेजारच्या घरात दोन वर्षांची एक मुलगी होती. पावसाळा सरता सरता तिला ताप यायला लागला. एक दिवस आड हुडहुडी भरायची, पोट पुढे आलं होतं, डोळे पांढरे पडले होते. वैद्यकीची दोन पानं वाचलेल्यालाही काय ते कळलं असतं. मी बोट मागितलं तर आईने पोर पाठीमागे लपवली. मी एकदाच मागितलं. मग म्हातारीच्या अंगणात जाऊन त्या मुलीच्या नावाची काच म्हातारीच्या रक्ताने भरली. गोळ्या दिल्या असं लिहिलं आणि पेटीतच ठेवल्या.

तीन आठवड्यांनी तपासणीचे निकाल आले. मुलीच्या नावापुढे 'निगेटिव्ह' होतं. असणारच होतं. म्हातारी ठणठणीत होती. वाटेत मुलीचा बाप भेटला. मी बोट मागितलं तेव्हा तो मजुरीला गेला होता, पोरीचं रक्त घेतलंच नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने हात जोडून विचारलं, "भाऊ, पोरीला काय हाय?" माझ्या हातात कागद होता. मी त्याच्यासमोर तो हलवून म्हणालो, "मलेरिया नाही. रिपोर्ट आलाय. तुम्ही लोक पोरांना नीट खायला घालत नाही, म्हणून होतं हे."

बाप तिथून सरळ भगताकडे गेला. सरकारच्या कागदात आजार नाही आणि पोर तर सुकत चाललीय, मग उरलं काय? त्या भगताचा मी आयुष्यभर तिरस्कार केला. सुपात तांदूळ टाकून, दाणे दोन-दोन बाजूला सारत, कोण कोणाचं रक्त पितंय ते सांगणारा, दारूने डोळे लाल झालेला माणूस. पण त्याने जो हिशेब मांडला तो माझ्या कागदावर मांडला. तांदूळ पाहून तो म्हणाला, पोरीला भुताळी, म्हणजे रक्त पिणारी चेटकीण, लागलीय, ती जवळच राहते, एकटी आहे. एवढ्यावर कोणीतरी बोललंच: मलेरियावाला हिच्या अंगणात बसतो, जाताना त्याच्या पेटीत रक्ताच्या काचा भरलेल्या असतात, आणि पाड्यावर तर कोणीच रक्त देत नाही. मग ते रक्त येतं कुठून?

पाड्याने उत्तर काढलं: ही पोरांचं रक्त पिते आणि मलेरियावाल्याच्या काचेत ओकते. माणसांनी एवढा बिनचूक मूर्खपणा केलेला मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याची प्रत्येक वीट मी पुरवलेली होती.

मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा सकाळची वेळ होती आणि सगळा पाडा मोहाच्या झाडाखाली जमलेला होता. म्हातारी मध्ये उभी होती. तिच्या कपाळावर दगडाची जखम होती, ओली. मला बघून तिचा चेहरा उजळला. ती लोकांना म्हणाली, "हा आला. याला इचारा ना! माझंच रगत हाय ते, या बोटातलं. हा तुमची नावं लावतो. सांग रं भाऊ, सांग यांना."

सगळे माझ्याकडे वळले. पोलीस पाटील म्हणाला, "खरं काय ते सांगा, साहेब. आमच्या नावानं तुम्ही हिचं रक्त नेता?"

हो म्हणालो असतो तर म्हातारी सुटली असती आणि माझी नोकरी गेली असती. नोकरी गेलीच असती असंही नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी दाबल्या जात. पण तेवढाही धोका मला नको होता. मी म्हणालो, "असं कसं होईल? ज्याचं नाव त्याचंच रक्त घेतो मी. हिचं एकदाच घेतलंय."

एक म्हातारा पुटपुटला, "पन माझं तं कदी नाय घेतलं."

कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. तिने शिवी दिली नाही, पुन्हा विनवलंही नाही. कोणीतरी तिला ढकललं. दुपारपर्यंत तिने एक हंडा, एक घोंगडी आणि दोन कोंबड्या घेतल्या. तिसरी सापडली नाही. जव्हारकडच्या दाभोशाला तिची भाची होती, तिकडे ती चालत गेली.

तिला घालवल्यावर लोकांची भीती गेली. मुलीच्या बापाने स्वतः पोर माझ्यासमोर आणून बसवली. "आता घ्या रगत. आता प्यायला कोनी नाय." मी त्या मुलीचं बोट टोचलं, पहिल्यांदाच. निकालाची वाट न पाहता गोळ्या चालू केल्या, तीन दिवस रोज जाऊन समोर बसून पाजल्या. नंतर निकाल आला: मलेरिया. तोवर पोर उठून बसली होती आणि भाकरी मागत होती.

पाड्याने भगताला बोकड दिला.

महिन्याभराने मी जीपने दाभोशाला गेलो. म्हातारी भाचीच्या पडवीत सागाच्या पानांच्या पत्रावळी टोचत बसली होती. मला वाटलं होतं, पोर वाचल्याची बातमी देऊन मला जरा हलकं वाटेल.

"आजी, ती पोर बरी झाली."

"झाली?" तिचे हात थांबले. "चालते?"

"पळते."

"बरं झालं बाय." ती खरोखर हसली. मग तिने पुढचं पान घेतलं, काडी लावली, आणि मध्येच ते खाली ठेवलं. "मी गेले आनि पोर उठली."

तिने ते पान पुन्हा उचललं.

"म्हंजे आता तं मी भुताळीच की रं. ती मेली असती तं एक येळ लोक म्हनाले असते, डोकरी उगाच गेली. आता कोन म्हनंल?"

"मी सांगतो त्यांना. काचांचं, गोळ्यांचं, सगळं सांगतो."

"कदी?"

"पुढच्या फेरीला."

"सांग," ती म्हणाली. "माझी तिसरी कोंबडी बी बघ गावली तं."

पुढच्या फेरीला मी पाड्यावर पोचलो तर लोक आपणहून रांगेत उभे होते. ज्या बाया मला पाहून शेतात लपत, त्या पोरांचे हात माझ्यापुढे धरत होत्या. भुताळी गेली होती, आता रक्ताला भय नव्हतं. मी प्रत्येकाचं बोट टोचलं, ज्याचं त्याचं नाव लिहिलं, ज्याला त्याला गोळ्या दिल्या. पेटी भरली. दोन जणांचा मलेरिया त्या रांगेमुळे वेळेत सापडला. मी तोंड उघडलं असतं तर ही रांग मोडली असती, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते मला इतकं पटलं की मी त्या दिवशी पोटभर जेवलो. म्हातारीबद्दल मी त्या फेरीला बोललो नाही, त्यानंतरच्या फेरीलाही नाही. दोन पावसाळे गेले आणि ती दाभोशालाच वारल्याचं जीपवाल्याने सांगितलं.

माझी बदली झाली तेव्हा त्या पाड्यावर सगळ्या तालुक्यात सर्वांत जास्त काचा होत होत्या. पर्यवेक्षकांनी बैठकीत मला उभं करून इतरांना विचारलं, "याला जमतं, तुम्हाला का जमत नाही?" मी मान खाली घालून उभा राहिलो. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.