शिडाच्या डोंग्यातून पवनीला
कारध्याच्या घाटावरून आमचा डोंगा (लाकडी होडी) सुटला, तेव्हा काठावर निरोपापेक्षा चेष्टाच जास्त होती.

"काहून जी तुळशीराम, डोंगा हाय का पतंग?"

खताच्या पोत्यांचं, स्वतः शिवलेलं शीड ताणत तुळशीराममामा म्हणाले, "उद्या पवनीले येऊन पाय (बघ)!"

धरणाचं पाणी पसरल्यापासून वल्ह्यांनी मासेमारी करणं ढीवरांना (मासेमारांना) जड जातं. मासळीचा ठेकेदार म्हणतो, मोटारबोटी माझ्या घ्या आणि मासळी मलाच द्या. ढीवरांच्या हक्कांसाठी काम करणारी मी याला गुलामी म्हणते. दुसऱ्या दिवशी पवनीत ढीवरांच्या संस्थेची बैठक होती. मोटारीविना पोहोचलो, तर सभासद शिडं लावणार होते. नाहीतर ठेकेदाराला होकार.

पौषातला उत्तरेचा वारा पाठीशी होता. वैनगंगा रुंदावत गेली. दुपारी एका घाटावर मामांनी सकाळची मासळी देऊन तांदूळ, लाखोळीची डाळ आणि वांगी घेतली. तांदूळ देणाऱ्या अंजनाबाईंचं गाव पाण्याखाली गेलेलं. त्या आता काठावरच्या नव्या वस्तीत राहतात.

"मले लेकीकडं पवनीले जाचं हाय. घेता का?"

मामा कचरले. "वजन होते, बाई."

"मी का म्हैस हाव?"

नदी सगळ्यांची, असं म्हणून मीच त्यांना हात दिला. सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी घेऊन त्या मधोमध बसल्या.

संध्याकाळी वारा पिसाळला. पुढे बुडालेल्या झाडांचे सांगाडे उभे होते. त्यांच्यात शिरलो असतो, तर शीड फाटलंच असतं, डोंगाही फुटला असता. मोकळं पाणी पाहून मी लोखंडी नांगर टाकला. तो तळाला लागला, पण अडकेना. डोंगा झाडांकडे सरकतच होता.

तेवढ्यात ठेकेदाराची मोटारबोट आली. "दोर फेका मामा, ओढून नेतो!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

अंजनाबाई मात्र मोहाच्या एका वाळलेल्या झाडाकडे बघत होत्या. "इथं नोको टाकू, पोरी. हे बांधी (भाताचं खाचर) होय, खाली निस्ता गाळ. मोहाच्या डावीकडं आमचा धुरा (बांध) हाय. त्याच्यावर टाक."

"पक्कं, बाई?" मामांनी विचारलं.

"जलमभर मीच माती टाकली त्याच्यावर. पक्कं नाई त का?"

मी नांगर ओढून घेतला. मामांनी वल्ह्याने डोंगा डावीकडे रेटला. पुन्हा नांगर टाकला. दोर ताणला, डोंगा गर्रकन वाऱ्याकडे वळला आणि थांबला.

अंजनाबाईंनी मोटारबोटीला हात केला. "जाय बाप्पा, तुहं डिझेल जळून राहिलं!"

त्यांनी लगेच डोंग्यातल्या शेगडीवर मामांनी राखून ठेवलेल्या झिंग्यांचं कालवण टाकलं. त्या शेताचं शेवटचं पीक कापल्यापासून आज पहिल्यांदाच तिथे जेवतेय, एवढंच त्या बोलल्या.

सकाळी शीड फुगवून आम्ही पवनीच्या घाटाला लागलो. बैठकीत भाषण करायला मी सज्ज होते. गरजच पडली नाही. एका म्हाताऱ्या ढीवराने शीड चाचपून विचारलं, "दोरा कोणता वापरला?" मग प्रश्नच प्रश्न. शेवटी शिडाच्या बाजूने एकामागून एक हात वर गेले. अंजनाबाईंना तर सभासद लेकीकडे जाऊच देईनात. कुठे धुरा, कुठे विहीर, कुठे बोडी (लहान तळं), त्या सांगत होत्या आणि मी वहीत आखत होते.

एसटीने भंडाऱ्याला परतताना ती वही मांडीवर उघडी होती. सरकारी नकाशात तिथे नुसता निळा रंग आहे. त्या निळ्याखालचा बांध न् बांध ज्यांना ठाऊक आहे, पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. काल हे मी घोषणा म्हणून म्हणाले असते. आज माझ्याकडे पुरावा आहे.