पांडूमामांची सळई

माझा ट्रक रोह्याच्या कंपनीत शिरला की पांडूमामा लांब लोखंडी सळई घेऊन यायचे. ते बॉयलरची भट्टी सांभाळणारे जुने फायरमन. ट्रकमधल्या तपकिरी कोळशाच्या विटांच्या ढिगात सळई खोल खुपसायचे, चहा संपेपर्यंत थांबायचे आणि मग ओढून तिचं टोक तळहाताला लावायचे.

"तापलाय शेठ. परत ने."

पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा भांडलो. पेणच्या बाजारात टोपली घेऊन बसण्यापासून इथवर आलेला माणूस मी. सहजासहजी माघार घेत नाही. "मामा, कोळसा आहे, बर्फ नाही."

"तापू दे ना. पन बॉयलरात. ढिगात नाय."

बॉयलरवर त्यांचा हात बघावा. विटांचा पातळ थर, वरून बेताची हवा. कुणी विस्तव ढोसला की ओरडायचे, "दगडी कोळसा हाय काय हा? ढोसलास की चुरा, नि चुरा गेला राखेत." चिमणीतून काळा धूर दिसला तर त्यांना जेवण जायचं नाही.

तिसरा ट्रक परत आला तेव्हा माझं डोकं फिरलं. मॅनेजरला सांगितलं, हा माल पास करायला पैसे मागतो. मागितले नव्हते. पण दुसऱ्या कुणाकडून खात असणार याची मला इतकी खात्री होती, की ते खोटं मला खोटं वाटलंच नाही.

मामांना गेटवर बसवलं. माझा माल आत गेला आणि चौथ्या दिवशी दुपारी शेडमधला ढीग आतून पेटला. मी पोचलो तेव्हा लोक पाइपने पाणी मारत होते. मामा गेट सोडून फावडं घेऊन आलेले. "पानी बंद करा. पसरा ह्याला, वीतभर थर करा." मग माझ्याकडे बघून, "वडखळला तुझ्या वखारीत किती उंच रचलेलास?"

"दोन पुरुष."

"भिजलेला?"

"थोडा."

"मग बघतोस काय? घे फावडं."

आग विझल्यावर काळ्या हातांनीच मी मॅनेजरकडे गेलो. मी खोटं बोललो, मामांना परत बॉयलरवर घ्या, म्हणालो. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून समोर ठेवला. पैसे मागितल्याची कबुली होती ती. खाली मामांची सही.

"हेड ऑफिसला गेलाय हा कागद," साहेब म्हणाले. "आता काही होणार नाही."

मी धावत गेटवर आलो. "मामा, सही का केलीत?"

"साहेब बोलला, सही कर नि गेटवर ऱ्हा, नायतर घरी जा. रिटायर व्हायला आठ महिने होते. भांडायला तुझ्यासारखा गळा लागतो, शेठ."

त्यांनी शिवी घातली असती तर मीही उलट घातली असती. त्यांनी ती घातली नाही, याचा राग ते वारल्यावरही माझ्या मनातून गेलेला नाही. त्यांनी नुसती गेटवरची गाड्यांची नोंदवही पुढे ओढली.

"गाडी नंबर बोल."

मला माझ्याच गाडीचा नंबर आठवेना.