विश्वासू जीप

हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावहून परीक्षेसाठी हिंगोलीला निघालो, तेव्हा जीपमध्ये शेजारी एक मावशी होती. मांडीवर बायबल आणि दवाखान्यातल्या सुनेचा डबा. जीपच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘विश्वासू’ रंगवलेलं. ड्रायव्हर मात्र जीप भरायची वाट बघत चहा पीत होता.

“निघूनच राहिलो, मावशी!” तो घोट घेत म्हणाला.

मांडीवरच्या बायबलकडे बघत मी मावशीला भीत भीत विचारलं, “येशूला इतकी नावं काहून? राजा, मेंढपाळ, विश्वासू...”

“राजा कोणीबी म्हणवून घेतं, लेकरा. विश्वासू व्हायला शब्द पाळावा लागतो.” मग ती ड्रायव्हरला म्हणाली, “साहेब, येशूबी ‘लवकर येतो’ म्हणून गेलाय. तुमच्याआधी पोचंल तो!”

सगळे हसले. ओशाळून ड्रायव्हरनं जीप काढली.

“आमेन,” मावशी म्हणाली. “म्हंजे, खरंच.”

पहिल्याच वळणावर कुणीतरी हात केला आणि जीप थांबली.

मावशीनं डबा सावरला. “आमेन मागं घेते.”