बारोलोचे चार घोट

सुमे, इथं असतीस तर म्हटलं असतं, ये इकडे, जरा जवळ सरक. मला रागवायचंय, पण लांबून नाही. पाठची बहीण असून फोनवर काय काय बोललीस मला. वर माझ्या मिलिंदला कळवलंस, "दोह्याला यायचं माझं तिकीट काढलंयस ते रद्द कर, तुझी आई आता आमच्यातली राहिली नाही." अगं, काय घडलं ते विचारायचंस तरी.

निफाडहून निघाले तेव्हा तूच दारात माझ्या हातावर दही घातलंस. आमचे हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. "तिकडं जाऊन बदलू नकोस गं अक्का," म्हणालीस, मी मान डोलावली. इथं दोह्यात, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये सुनेच्या ओव्हनशेजारी माझा तवा आहे. देवाला रोज नैवेद्य असतो. नात इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देते. टॅक्सीवाल्याला 'चल'ऐवजी यल्ला म्हणते, एवढी बदलले खरी.

मिलिंदचा साहेब इटलीचा. त्यानं आम्हाला मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. दारू इथं तसल्या परवान्याच्या जागीच मिळते. त्यानं आपल्या मुलखातली लाल वाइन मागवली, बारोलो नावाची. वेटर माझ्यापाशी आला तसा मिलिंदनं माझा ग्लास उपडा घातला. "आईला ज्यूस द्या." मला विचारलं नाही. माझं लग्न ठरवताना कुणी विचारलं नव्हतं, द्राक्षबाग विकताना नाही, इथं आणतानाही आधी तिकीट आलं, मग फोन. माझं डोकंच फिरलं. ग्लास सुलटा केला आणि म्हटलं, थोडी ओता.

साहेब काहीतरी म्हणाला. मिलिंदनं पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, "आई, आधी नुसता वास घे म्हणतात. घाई करू नकोस."

माझा हात थबकला. आपली आई काय म्हणायची, आठवतं ना? "वास घेऊ नकोस, देवाच्या आधी उष्टं होतं." जन्मभर पुरणाच्या पातेल्यावरून मी नाक बाजूला धरलं, सुमे. आणि हा परका माणूस म्हणतो, पोटभर वास घ्या.

घेतला. रंग आपल्या कोकमाहून फिका, कडेला विटेसारखा तांबूस. वास हारातल्या सुकलेल्या गुलाबांचा, आणि त्याच्यामागे, हसू नकोस, ताज्या डांबराचा. घोट घेतला तर सुपारी चघळल्यासारख्या हिरड्या आवळल्या. आधी आंबट लागली, नकोशीच वाटली. पण जेवण होईतो ग्लासातच तिचा स्वभाव निवळला. ज्येष्ठमधाची गोडसर चव आली, ती गिळल्यावरही जिभेवर रेंगाळली. चार घोट घेतले, आवडली, बास झाली. यात कुठं मी, तुझ्या कानावर आलं तशी, बाटली तोंडाला लावली?

भाच्याच्या लग्नात मांडवामागं आपली पुरुषमंडळी काय घेऊन बसली होती, हे तुला माहीत नाही असं सांगू नकोस. सकाळी त्यांना लिंबू-सरबत तूच करून दिलंस. त्यातल्या एकाशी तरी अबोला धरलास? ते काय चवीनं पीत होते? नाक दाबून ढोसत होते. त्यांना माफी, आणि मी चारचौघांत, पोराच्या शेजारी बसून चाखली तर खलास, आमच्यातली नाही. हा कुठला न्याय, ते मला समजावून सांग.

मिलिंदवरही मी चिडले होते. घरी आल्यावर सुनावलं, तेव्हा बिचारा म्हणाला, "चुकलंच आई." तू मात्र ऐकूनही घेईनास.

निफाडच्या घरात आता भाडेकरू आहेत. इथलं घर मिलिंदचं, तेही नोकरी आहे तोवर. मला अक्का म्हणणारी जगात तू एकटी उरलीस, माझं घर म्हणजे तेवढंच. त्याचं दार तूच लावून घेतलंस तर मी कुठं जायचं?

तुझं तिकीट मी मिलिंदला रद्द करू दिलेलं नाही. सध्या इथली हवाही छान आहे, संध्याकाळी समुद्रावर बसता येतं. भांडण अर्धं राहिलंय, ते फोनवर मला जमत नाही. समोर बसून भांड. लवकर ये, सुमे.