वरच्या दोन खोल्या

जमिनीत बोअर घ्यायचे, खालून निघालेली माती आणि दगड तपासायचे आणि इथे केवढी इमारत पेलेल ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. मशीनवरची माणसं तिला मातीताई म्हणत. पुढे ठेकेदारही म्हणू लागले, आर्किटेक्टही. खरं नाव फक्त सहीपुरतं उरलं.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तिच्याशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप. मालकाला हवं असतं एकच वाक्य, बांधा बिनधास्त. ते काही तिच्या तोंडून निघायचं नाही. "जिथे बोअर घेतला तिथलं सांगते," ती म्हणायची. "दोन बोअरच्या मधे काय आहे तो माझा अंदाज. आणि हा अहवाल तुमच्या ह्याच इमारतीपुरता. उद्या जागा सरकवलीत तर हेच कागद पुढे करू नका." एका मालकाने तर हात जोडले होते. "ताई, शेवटी माहीत नाहीच म्हणायचं होतं, तर माझ्या अंगणाची चाळण कशाला केलीत?"

स्वभावच तसा. तरुणपणी बरोबर काम करणाऱ्या एकाने तिला विचारलं होतं, "आपलं जमेल ना?" ती त्याला मनापासून आवडायची, तिलाही तो आवडायचा. पण ही म्हणाली, "एवढ्या ओळखीवर कसं सांगू?" तो बिचारा खजील होऊन गेला आणि वर्षाच्या आत दुसरीकडे बोहल्यावर चढला. आई होती तोवर घरात बोलायला कुणी होतं. आई गेली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात ती आणि रेडिओ एवढेच उरले.

धाकटा भाऊ होता. त्याने गावाच्या कडेला प्लॉट घेतला, तो नेमका अशा जागेला लागून, जिथे तिने पूर्वी एका गोदामासाठी बोअर घेतले होते. भाऊ खूश झाला. "ताई, तुझाच अहवाल आहे शेजारचा. तोच लावू. कुंपणाच्या अलीकडे काय जमीन बदलते?"

"बदलते," ती म्हणाली. "मी मशीन पाठवते. चार दिवस थांब."

"पाया खणायला माणसं उद्या येतायत. तू फक्त हो म्हण."

"तुझ्या जमिनीचं मला माहीत नाही रे."

"सख्ख्या भावाला सुद्धा माहीत नाही?" तो ताडकन उठला. "तू ना, आपल्या माणसालाही परक्यासारखंच वागवतेस."

त्याने दुसऱ्या कुणाकडून तसं लिहून घेतलं आणि घर बांधायला घेतलं. एका रविवारी, काम बंद असताना, ती गुपचूप तिथे गेली. पायाचे खड्डे उघडे होते. साडी खोचून ती एकेका खड्ड्यात उतरली, हाताने मुरूम खरवडून पाहिला. चांगला होता, टणक. तिला बरं वाटलं. पण खड्डा खणला तेवढाच बोलतो, त्याच्या खालचं तो सांगत नाही, हेही तिला ठाऊक होतं. हात झटकून ती परत आली. आपण जाऊन आल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

अबोला लांबला. भाऊ बायकामुलांसह नव्या घरात राहायला गेला तेव्हा तिला बोलावणं आलं नाही. भाऊ आजारी पडल्याचं तिला कळलं तेच तो बरा झाल्यावर, एका दुकानदाराकडून. फोन हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली, मग ठेवून दिला.

शेवटी भावजयीचाच फोन आला. "ताई, झालं गेलं सोडा. जेवायला या."

ती गेली. भावाने घर दाखवलं, एकेक खोली, एकेक भिंत. डोळ्यांना सवय, ती कोपरे न्याहाळत होती. ते त्याच्या लक्षात आलं.

"शोध, शोध. केसाएवढी चीर सापडली तर सांग."

"नाही सापडत. छान बांधलंयस."

तो वाट पाहत होता, ती पुढे काही म्हणेल म्हणून. "मग? चुकले असं एकदा म्हण की."

"घर पडेल असं मी कुठे म्हटलं होतं? माहीत नाही म्हटलं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम खो खो हसत सुटला. "धन्य आहेस बाई!" भावजयही हसली. मग ताटं वाढता वाढता ती म्हणाली, "ह्यांनाच सांगू द्या आता. कधीचं ओठांवर आहे."

भाऊ मान खाली घालून भात कालवत राहिला. "वर दोन खोल्या चढवायच्या म्हणतोय. तुझ्यासाठी. उतारवयात तिकडे एकटी काय करतेस?" आणि मग घाईने, "खालची माती तूच तपास. या वेळी तू म्हणशील तसं."

पाणी पिऊन ती म्हणाली, "मशीन आणते."

बोअर घेताना ती सकाळपासून त्यांच्या अंगणात बसून होती. भावजय चहा आणून द्यायची, भाऊ कामावरून लवकर यायचा आणि नळीतून निघालेली माती बोटांनी चुरून बघायचा. "ही कसली?" "आणि ही?" लहानपणी ती अभ्यास करताना तो असाच शेजारी येऊन बसायचा. तपासणीचे आकडे येईपर्यंत तिने आपल्या घरातलं जास्तीचं सामान काढायला घेतलं. आईची मोठी पातेली शेजारणीला देऊन टाकली. वर खिडकी कुठल्या बाजूला घ्यावी, याचाही विचार करून झाला.

आकडे आले. तिने ते पुन्हा तपासले, मग प्रयोगशाळेला नमुने पुन्हा तपासायला लावले. पुढची बाजू चांगली होती. मागच्या बाजूला, टणक मुरुमाच्या खाली, मऊ चिकणमातीचा थर लागला होता. आत्ताचं घर त्यावर निवांत उभं होतं, बहुधा उभंच राहिलं असतं. वरचं ओझं मात्र त्या थराला झेपेल असं तिला लिहिता येत नव्हतं.

संध्याकाळी तिने भावाला समोर बसवून सांगितलं.

"म्हणजे चढवायचं नाही?"

"मला जे दिसलं त्यावरून, नाही. पाया वाढवता येतो, पण त्यासाठी निम्मं घर फोडावं लागेल. आणि ते फोडू नकोस."

"आणि जे तुला दिसलं नाही, ते? तो थर एवढ्याशा जागेतच असेल."

"असेलही."

"मग अंदाज कर की. एकदा तरी आपल्या बाजूने अंदाज कर!"

शब्द तिच्या जिभेवर आला होता. खोल्या लहान बांधू, भिंती हलक्या घेऊ, काही होत नाही. दुसऱ्या कुणी लिहून दिलंही असतं. पण त्या खोल्यांच्या खाली भाऊ, भावजय, मुलं झोपणार होती.

"नाही रे जमत," ती म्हणाली.

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. "ताई, यायचं नसेल तर तसं सांग. मातीला कशाला मधे घालतेस?"

"मला यायचं होतं," ती म्हणाली.

त्याचा विश्वास बसला की नाही, हे त्याच्या पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने तो उठला आणि चपला शोधू लागला. "चल, बसपर्यंत सोडतो."

वाटेत तो बाजारातल्या गर्दीबद्दल बोलला, तिने गुडघेदुखीचं सांगितलं. बस आली. तो हात वर करून उभा राहिला, आणि बस वळेपर्यंत तिने मागे पाहिलं.

नंतर ती अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला जात राहिली. भाऊ आवडीने वाढायचा, घरातलं सगळं सांगायचा, मुलांच्या तक्रारी करायचा. खोल्यांचा विषय मात्र कुणी काढला नाही. गच्चीवर भावजयीने कपडे वाळवायला तारा बांधल्या. अंधार पडायच्या आत ती आपल्या घरी निघायची, तीन मजले थांबत थांबत चढायची आणि आधी रेडिओ लावायची, मग दिवा.